भिंगरीच्या नावापुढची सही

आमच्या शिलाईच्या कारखान्यात तिला सगळ्या जणी फौजदार म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ओ देते. काम तिचं तपासणीचं. शर्ट शिवून झाले की चोवीस नगांचा गठ्ठा तिच्या टेबलावर जातो. ती तपासते आणि गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारते. त्या शिक्क्याशिवाय गठ्ठा इस्त्रीला जात नाही. मालकाने सांगून ठेवलंय, वरचे दोन बघा, खालचा एक बघा, मधले सारखेच असतात. दुसऱ्या टेबलावरची तपासणीवाली तसंच करते आणि वेळेत घरी जाते. आमची बाई मात्र चोवीसच्या चोवीस शर्ट उलटे करणार, प्रत्येक टीप दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघणार. कुठे उसवलेलं दिसलं की खडूची फुली, आणि गठ्ठा परत जिचा तिला. सुपरवायझर वैतागतो. "अहो बाई, शर्ट आहेत ते, विमानाचे पंख नाहीत!" ती म्हणते, "न बघता मारायचा असेल तर हा घ्या शिक्का, तुम्हीच मारा." तो काही शिक्का घेत नाही.

मी कॉलर लावते. अकरा वर्षं झाली. माझं तोंड जरा फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. ही हकीकत सांगताना मी शाळेवर चिडणार आहे, दवाखान्यावर चिडणार आहे, आणि शेवटी जिच्यावर सगळ्यात जास्त चिडायला हवं तिलाही सोडणार नाही. ऐकायचं तर पुरतं ऐका.

आमच्याकडे एक रीत आहे. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर जिने जे काम केलं तिने तिथे सही करायची. कॉलरवालीने कॉलरपुढे, काजवालीने काजापुढे. पण एखादी पाणी प्यायला गेली, एखादीला घरून फोन आला, तर गठ्ठा काय तिच्यासाठी अडवून ठेवायचा? शेजारची ठोकते सही. मी हिच्यासाठी केली, ती माझ्यासाठी करते. आम्ही याला शेजारधर्म म्हणतो. सही वाचतंय कोण? फक्त फौजदार वाचायची. "ही तुझी सही नाही," म्हणून गठ्ठा परत पाठवायची. आणि आम्ही आपापसात नाकं मुरडायचो, की काय बाई हिचं एकेक!

तिला एकच मुलगी, भिंगरी. नाव आमच्या मशीनच्या ओळीतल्या बायकांनीच ठेवलेलं. शाळा सुटली की ती थेट कारखान्यात यायची, आणि घटकाभर एका जागी बसेल तर शपथ. तुटलेली बटणं गोळा करायची, त्यांचे रंगावरून ढीग लावायची, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायची. पाढे म्हणायची ते उलटे. एकोणीसचा पाढा उलटा! मला सुलटा येत नाही. माझी मुलगी तिच्याच वर्गात, चौथीत. दोघी एका बाकावर. मला ती मावशी म्हणायची, आणि माझ्या डब्यावर माझ्या मुलीपेक्षा तिचाच हक्क जास्त.

चौथीत असताना शाळेत गोवर-रुबेलाची लस टोचायला येणार होते. आधी चिठ्ठी आली, की त्या दिवशी पालकांपैकी कुणीतरी येऊन सही करावी. नेमका त्याच दिवशी भिंगरीचा गाल दाढेने टम्म फुगला. पोरगी विव्हळत होती. फौजदार तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि जाताना वर्गशिक्षिकेला निरोप द्यायला मला सांगितलं. मी माझ्या मुलीबरोबर गेले, निरोप दिला. माझ्या मुलीला सुई टोचली, तिने थोडं भोकाड पसरलं, मी तिच्या ओळीपुढे सही केली.

तेवढ्यात वर्गशिक्षिका जवळ आल्या. तरुण बाई, कपाळावर घाम. म्हणाल्या, "ताई, तुमच्या मैत्रिणीच्या मुलीची ओळ रिकामी राहते आहे. आमच्या वर्गाचे शंभर टक्के झाले नाहीत तर मोठ्या बाई मला धारेवर धरतील. तेवढी सही करून टाका ना. सुई उद्या देतील, मी जातीने देववते."

आणि मी केली. नववी ओळ माझ्या मुलीची, सतरावी भिंगरीची. दोन्हीपुढे माझी तीच सही, शेवटी शेपूट ओढून खाली दोन टिंबं. मला वाटलं, मैत्रिणीचं काम हलकं केलं. संध्याकाळी तिला एवढंच सांगितलं, "बाई म्हणाल्या, उद्या देतील." सहीचं बोलले नाही. लपवायचं म्हणून नाही हो, आमच्यात सही ही काय सांगायची गोष्ट आहे? श्वास घेतला म्हणून कुणी सांगतं का?

ते उद्या काही उजाडलं नाही. टोचणारी माणसं दुसऱ्या शाळेत गेली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात येतील. मग म्हणाल्या, महिनाअखेरीला. आमची बाई असल्या थापांवर थांबणारी नाही. अर्धा दिवस खाडा करून ती मुलीला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. मीही गेले होते, म्हणून डोळ्यांनी बघितलंय ते सांगते. खिडकीतल्या माणसाने यादी काढली, बोट फिरवलं, म्हणाला, "नाव आहे. टोचलंय."

"नाही टोचलं. त्या दिवशी ही दाताच्या डॉक्टरकडे होती."

"बाई, खूण आहे ना इथे. खूण असली म्हणजे टोचलंय."

भिंगरीने फ्रॉकची बाही वर करून दंड पुढे केला. "काका, बघा ना, मला सुई दिलीच नाही." पोरगी जिवंत उभी राहून दंड दाखवतेय, आणि हा बाबा यादी दाखवतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने शांतपणे सांगितलं, शाळेचं पत्र आणा, राहिली होती म्हणून. मग देतो.

शाळा पत्र देईना. का देईल? तोवर शंभर टक्क्यांचं प्रमाणपत्र आलेलं, मोठ्या बाईंच्या खुर्चीमागे काचेत लावलेलं. खाली फोटोही, मोठ्या बाई मधोमध. पत्र दिलं की ते नव्याण्णव होणार. वर घरी लसीचं छापील कार्ड पाठवून दिलं, त्यावर शिक्का. ते कार्ड घेऊन ती खासगी डॉक्टरकडे गेली, तर तो म्हणाला, झालेली लस उगाच पुन्हा कशाला? तीन हेलपाटे झाले, तीन अर्धे दिवस गेले. दर खेपेला ती परत येऊन टेबलाशी बसायची आणि म्हणायची, "एकदा मला वर्गाचा तो सह्यांचा कागद बघायला मिळू दे. कुणीतरी काहीतरी न बघता मारलंय."

आणि मी? मी मूग गिळून बसले होते. एवढं तोंड चालवणारी मी! खिडकीतल्या माणसाची आई-बहीण काढणारी मी! "अगं, ती सही माझी आहे" एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. वाटलं, ती काय म्हणेल. वाटलं, आता बोलून काय, एवढ्या-तेवढ्या सुईने काय होतंय. मग गणवेशाची मोठी ऑर्डर आली, सगळ्याच जणी कामात बुडालो, आणि चौथा हेलपाटा राहून गेला.

पाच महिन्यांनी भिंगरीच्या तोंडावर बारीक गुलाबी पुरळ उठली. दुसऱ्या दिवशी अंगभर. ताप जेमतेम, कानामागे दोन गाठी. वर्गात आणखी दोघांना तसंच झालेलं. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं साबण बदलला असेल. तिसऱ्या दिवशी पुरळ गेलीही. पोरगी चौथ्या दिवशी कारखान्यात येऊन बटणं मोजत होती. आम्ही म्हटलं, चला, सुटली.

सहाव्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. उलट्या झाल्या. सातव्या दिवशी सकाळी दात घासता घासता ती आईला म्हणाली, "तुम्ही कोण?" आई हसली, तिला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. तेवढ्यात ब्रश हातातून पडला, डोळे वर गेले, आणि अख्खं अंग झटके द्यायला लागलं. रिक्षात मी तिचे पाय धरले होते. त्या एवढ्याशा पायांत इतका जोर कुठून आला, देव जाणे.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं, मेंदूला सूज आहे. कशामुळे, ते शोधायचं. पुरळ उठली होती हे कळल्यावर त्यांनी विचारलं, गोवर-रुबेलाची लस झाली आहे का? फौजदारच्या नवऱ्याने शिक्क्याचं कार्ड पुढे केलं. फौजदारने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "हे कार्ड खोटं आहे. हिला लस दिलेली नाही. तुम्ही झाली नाही असं धरूनच बघा." पहिल्यांदाच एका शिकलेल्या माणसाने कागद बाजूला ठेवून आईचं ऐकलं. रक्त तपासलं. रुबेलाच निघाला.

त्या डॉक्टरबाईंचं मी नाव काढते ते यासाठी, की त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, बहुतेक मुलांना हा आजार तीन दिवस येतो आणि जातो. हजारो मुलांत एखाद्याच्या मेंदूपर्यंत पोचतो. त्यातलीही बरीच पूर्ण बरी होतात. मेंदूला पोचल्यावर खास असं औषध नाही. झटके थांबवायचे, सूज उतरेपर्यंत सांभाळायचं. "म्हणजे आम्ही उशीर केला असं नाही ना?" नवऱ्याने विचारलं. "आजार झाल्यावर नाही," त्या म्हणाल्या. "उशीर त्याआधी झाला." मग त्यांनी फौजदारला बाजूला घेतलं. "तुमच्या मुलीची नोंद खोटी असेल तर आणखीही असतील. वर्गात दोघांना पुरळ आहे म्हणता. एखाद्या गरोदर बाईला हे लागलं तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू, सगळ्याला धोका. जन्मभराचा. शाळेला यादी उघडायला लावा. मीही वर कळवते."

आमच्याच ओळीत तेव्हा दोघी गरोदर होत्या.

अठरा दिवसांनी भिंगरी घरी आली. आली म्हणायचं. उजवा हात थरथरतो. शब्द सापडायला वेळ लागतो, आणि सापडेपर्यंत ती समोरच्याकडे अशी बघते, की आपण चुकलो की काय. झटक्यांचं औषध दोन वेळा. डॉक्टरबाई म्हणतात सुधारेल, मुलांचा मेंदू बरंच भरून काढतो, पण किती ते आज सांगता येत नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "काय गं, एकोणीसचा पाढा?" तिने विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाली, "मावशी, एकोणीस म्हणजे किती?" मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

डॉक्टरबाईंचं पत्र वर गेलं ते वरच राहिलं, शाळा यादी उघडेना, आणि दोन महिन्यांनी शाळेतूनच बोलावणं आलं. मुलीची सोय दुसरीकडे बघा म्हणून. फौजदार मला म्हणाली, "तू चल. मला बोलता नाही आलं तर तू बोल, तुझं तोंड बरं चालतं." तो सह्यांचा कागद तिथे निघाला तर, एवढंच माझ्या डोक्यात. पण नाही कशी म्हणू?

मोठ्या बाई खुर्चीत, मागे काचेत ते प्रमाणपत्र. वर्गशिक्षिका भिंतीला टेकून उभ्या. मोठ्या बाईंचा आवाज मधाळ. "बघा ताई, मुलगी पहिल्यापासूनच जरा मंद होती..."

"उलटे पाढे म्हणायची ती," मी ताडकन म्हणाले. "मंद कुणाला म्हणता?"

फौजदारने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "तिला ठेवायचं की काढायचं ते नंतर बोलू. आधी मला लिहून द्या, की तिला लस दिली नव्हती. आणि वर्गात आणखी कुणाकुणाची राहिली ते शोधा. त्यांना आधी टोचा."

"अहो, दिलीय लस. नशिबाने कधी कधी लागू पडत नाही, त्याला शाळा काय करणार? आणि राहिली म्हणता, तर हे काय आहे?" त्यांनी खण उघडला आणि तो कागद टेबलावर आपटला. इतके महिने मागून न मिळालेला कागद. तेव्हा पत्र द्यायला हाताला कंप सुटत होता, आता आपली पाठ वाचवायची म्हटल्यावर कसा भसकन निघाला! "सतरावी ओळ. पालकाची सही. ही सही तुमचीच ना?"

ती वाकली. एक क्षण बघितलं असेल, जास्त नाही. रोज गठ्ठ्यागठ्ठ्याच्या चिठ्ठीवर ती माझी सही बघते. शेपूट, दोन टिंबं. तिचं बोट ओळीवर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

तिने कागदावरून बोट उचललं. माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. एक काच, मग दुसरी. मला कळलं, तिला कळलंय. आणि हेही कळलं, की ती सांगणार नाही. ज्याचं त्याने सांगायचं, हा तिचा हिशेबच आहे. वर्गशिक्षिका माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांनी विनवत होत्या.  फौजदारने पहिली काच पुन्हा पुसायला घेतली, तेव्हा मला ते बघवेना.

"माझी आहे," मी म्हणाले. "भिंगरी त्या दिवशी शाळेत नव्हती. या बाईंनी सांगितलं, मी केली. नववी ओळ बघा, तीच सही आहे."

वर्गशिक्षिका रडायला लागल्या. मोठ्या बाईंचा मध आटला. "म्हणजे चूक तुमचीच आहे! बाहेरच्या बाईने खोटी सही केली, त्याला शाळा..."

"थांबा," फौजदार म्हणाली. तिने चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. मोठ्या बाई "अहो, अहो" करत उठल्या. ती उठली नाही, थांबली नाही. बेचाळीस ओळी. मी अकरा वर्षं तिला असं बघतेय, वरचे दोन आणि खालचा एक बघून ती कधी थांबलेली नाही. तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि ओळींपुढे फुल्या मारल्या. एक, दोन, सात.

"या सात सह्या एका हाताच्या आहेत," तिने वर्गशिक्षिकांपुढे कागद धरला. "नावं वेगळी आहेत, पण पेन दाबायची पद्धत एकच. तुमच्या ना?"

वर्गशिक्षिकांनी मान डोलावली. सातही मुलं त्या दिवशी गैरहजर. पुरळ उठलेली ती दोन मुलं त्या सातांत. मोठ्या बाई कागद ओढायला आल्या, तेव्हा मात्र माझं तोंड कामाला आलं. कारखान्याच्या चार मशीनच्या गोंगाटातही ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं, की पत्र आत्ता लिहा, नाहीतर हा कागद घेऊन मी फाटकात उभी राहते, शाळा सुटेपर्यंत. मुलांना न्यायला आलेल्या बाया बाहेर जमल्याच होत्या. पत्र लिहिलं गेलं. आठ नावं, भिंगरी धरून.

सातांना चार दिवसांत टोचलं. आभार? त्यातली एक आई कारखान्याच्या दारात येऊन फौजदारलाच बोलून गेली, की तुझ्यामुळे माझ्या पोराला उगाच सुईचा ताप. गरोदर होत्या त्या दोघींचं रक्त तपासलं, दोघी सुटल्या. वर्गशिक्षिकेची बदली झाली. मोठ्या बाई आहेत तिथेच आहेत. प्रमाणपत्रही आहे, काच पुसलेली असते. भिंगरीला शाळेने ठेवलं, पण खाली, दुसरीत, मागच्या बाकावर. माझी मुलगी मधल्या सुट्टीत जाऊन तिला डबा भरवते.

त्या दिवशी शाळेतून निघाल्यावर फौजदार माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मी मागून म्हटलं, "शिव्या दे ना गं मला. काहीतरी बोल."

"देईन," ती म्हणाली. "आधी औषधाच्या दुकानात जाऊ दे. आजची गोळी संपलीय."

त्या शिव्या तिने अजून दिलेल्या नाहीत. मला वाटायचं, एक दिवस ती फुटेल, माझ्या झिंज्या उपटेल, आणि मी मोकळी होईन. तसं काही होत नाही. आमच्या ओळीत आता एकमेकींच्या सह्या कुणी करत नाही. कुणी नियम केला नाही, आपोआप बंद झालं. भिंगरी अजूनही शाळा सुटल्यावर येते. बटणांचे ढीग लावते, रंग चुकतात, आम्ही ते ढीग तसेच राहू देतो.

माझा गठ्ठा तयार झाला की मी तो स्वतः फौजदारच्या टेबलावर नेऊन ठेवते. ती चोवीसही शर्ट उलटे करते, कॉलरची टीप ताणून बघते, चिठ्ठी उचलते. शिक्का हातात असतो. सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता, ती रोज, दर गठ्ठ्याला मला विचारते,

"ही सही तुझीच ना?"

आणि ती मान वर करून माझ्याकडे बघते. शिक्का पडायच्या आधी मला मोठ्याने सांगावं लागतं, "हो. माझीच."